जुनी शस्त्रे आणि नव्या प्रतिकृती : ओळखीच्या काही कसोट्या

प्रस्तावना : रघूजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात संपादन केली. सरळ युरोपीय पाते, एतद्देशीय मूठ व पात्याच्या पाठीवर ‘सेनासाहेबसुभा’ या बिरुदाचा सुवर्णलेख असे तिचे स्वरूप आहे. अशा शस्त्रांचे मोल वाढले की प्रतिकृतीही जुन्या म्हणून खपविल्या जातात. त्या ओळखण्याच्या कसोट्यांचा येथे थोडक्यात विचार केला आहे.

विवेचन : पाते विदेशी व मूठ देशी असणे हा बनावटपणाचा पुरावा नव्हे, मराठ्यांची ‘फिरंग’ अशीच घडत असे. जुन्या मुठीत पाते सामान्यतः राळेच्या मिश्रणाने बसविलेले असते. तेथे वेल्डिंग वा आधुनिक चिकटद्रव्य आढळल्यास किमान दुरुस्ती झाली आहे, असे समजावे. वापराने मूठ बोटे टेकतात तेथे अधिक झिजते. आम्लाने आणलेला गंज मात्र बहुधा सर्वत्र सारखा दिसतो. पोलादातील खरे जौहर पुसट झाले तरी सौम्य आम्लाने पुन्हा उमटतात, केवळ पृष्ठभागावर कोरलेली नक्षी घासल्यावर कायमची जाते. ही परीक्षा अर्थातच तज्ज्ञानेच करावी.

लेखावर सर्वांत कमी विसंबावे. जुन्या पात्यावरही नवे नाव घालता येते. शिवाय नागपूरच्या गादीवर रघूजी नावाचे तीन राजे झाले; त्यामुळे केवळ नावावरून काळ ठरत नाही.

निष्कर्ष : १९७२ च्या पुरावशेषविषयक अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो. म्हणून महाविद्यालयीन संग्रहासाठी खरेदी करताना प्रथम परवाना व पूर्वस्वामित्वाची कागदपत्रे, नंतर धातू आणि शेवटी लेख तपासावा. खोटे शस्त्र साधन म्हणून स्वीकारले, तर त्यावर उभा राहिलेला इतिहासही खोटा ठरतो.