गाडी रात्री कुठे उभी असते?

न्यू मार्केटच्या पार्किंगमध्ये पावती फाडताना तिथला मुलगा दर वेळी विचारायचा, ‘‘दीदी, महाराष्ट्र से आई हो?’’ मी सांगायचे, ‘‘नहीं भैया, यहीं की हूँ.’’ तो गाडीच्या नंबराकडे बघून हसायचा. त्याचं तरी काय चुकलं? माझा जन्म भोपाळचा, पण गाडीवर नंबर पुण्याचा, एमएच 12.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा पहिल्याच वर्षी मी हप्त्यांवर मोटारसायकल घेतली. तिथे मी ‘भोपाळवाली’ होते, माझ्या मराठीतल्या हिंदीवर ऑफिसात सगळे हसायचे. जून 2022 मध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि मी घरून काम करण्याची परवानगी घेऊन भोपाळला आले. महिन्याभराने मैत्रिणीने गाडी झेलम एक्सप्रेसच्या पार्सलमधून पाठवली. पेट्रोल पूर्ण काढलेलं, अंगाभोवती गोणपाट. ‘‘दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे,’’ मी सगळ्यांना सांगत होते.

दोन-तीनचे अकरा कधी झाले कळलंच नाही. एका संध्याकाळी लिंक रोडवर पोलिसाने कागद बघितले आणि शांतपणे विचारलं, ‘‘गाड़ी यहाँ कब से है?’’ दंड झाला नाही, पण घरी येऊन मी नियम वाचायला बसले.

मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या कलम 47 प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. माझ्या हातात एकच महिना होता. त्याआधीचं कलम 40 मला जास्त आवडलं. मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी एरवी जिथे ठेवली जाते, तिथल्या कार्यालयात नोंदणी करायची. तुम्ही मूळचे कुठले, घरी कोणती भाषा बोलता, हे कायदा विचारतच नाही. गाडी रात्री कुठे उभी असते, एवढंच विचारतो.

मग कागदांची मोहीम सुरू झाली. आधी जुन्या आरटीओची ‘एनओसी’, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. त्यासाठी फॉर्म 28. विमा आणि पीयूसी चालू हवं, थकलेलं चलन भरलेलं हवं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती हवी. माझे हप्ते नुकतेच संपले होते, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. ते काढायला फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र लागलं. बँकेने पत्रात गाडीचा नंबर चुकीचा लिहिला आणि त्यात दहा दिवस गेले. पुण्याहून निघतानाच हे सगळं केलं असतं तर एक फेरी वाचली असती.

फॉर्म 28 वर चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. हा सतरा आकडे-अक्षरांचा नंबर माझ्या गाडीवर हँडलच्या खाली, मानेपाशी कोरलेला आहे. बाबा अंगणात स्टुलावर बसले. मी हँडल वळवून कागद धरला आणि त्यांनी उजव्या हातात पेन्सिल घेतली. त्याच हाताचा व्यायाम चालू होता. लहानपणी आपण नाण्याचा छाप काढायचो तसं ते हळूहळू घासत राहिले. तिसऱ्या कागदावर सगळी अक्षरं उमटली. ‘‘म्हणजे आता तू पुण्याला परत जाणार नाहीस,’’ ते म्हणाले. त्यांनी प्रश्न विचारला नव्हता आणि मीही उत्तर दिलं नाही. पण खरं तेच होतं. इतके दिवस कागद टाळत होते त्याचं कारण आळस नव्हताच.

एनओसी आल्यावर भोपाळच्या आरटीओसाठी फॉर्म 27 भरला. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. गाडीची तपासणी झाली आणि तिचं वय व किंमत बघून इथला कर भरला. महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, त्यासाठी नव्या आरसीची प्रत जोडून अर्ज करावा लागतो. सतत बदली होणाऱ्यांसाठी सप्टेंबर 2021 पासून ‘बीएच’ मालिका आहे. सरकारी कर्मचारी, सैन्यातले लोक आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले लोक तो नंबर घेऊ शकतात. माझ्या कंपनीची कार्यालयं दोनच राज्यांत.

माझी मावसबहीण म्युनिकला असते. तिने तिथे मोटारसायकल घेतली तेव्हा आधी राहत्या पत्त्याची सरकारी नोंद, मग विमा कंपनीचा क्रमांक आणि त्यानंतरच नंबरप्लेट. परक्या देशातही पहिला प्रश्न तोच, राहता कुठे? मात्र 2015 पासून जर्मनीत दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेलं तरी नवा पत्ता नोंदवून जुना नंबर ठेवता येतो. ऐकून मला थोडा हेवा वाटला.

आमचे आजोबा 1956 मध्ये, भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झालं तेव्हा, नागपूरहून सरकारी नोकरीबरोबर इथे आले. आपल्यातली कितीतरी घरं अशीच आली. ‘दोन वर्षांत परत जाऊ’ असं तेही आजीला सांगायचे म्हणे.

गाडीवर आता एमपी 04 आहे. पार्किंगवाला मुलगा काही विचारत नाही, पावती देतो. थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू! पण रविवारी बाबांना मागे बसवून बडा तालाबपर्यंत नेते, तेव्हा नंबराची आठवणही होत नाही.

पुण्या-बेंगळुरूहून गाडी घेऊन घरी परतलेल्या मित्रमैत्रिणींनो, पार्सलची पावती जपून ठेवा आणि बारा महिने मोजा. निघण्याआधीच एनओसी घेता आली तर उत्तम. फक्त त्याआधी स्वतःला खरं सांगावं लागतं की आता मुक्काम कुठे आहे.