डोंगरी सायकलीचीं चाकें व तुंबे

पुण्याची सायकलींचें शहर ही ख्याति मागें पडली. तरी मुळा व पवना यांच्या कांठच्या सांगवींतून रविवारीं पहांटे बाणेर-पाषाणच्या टेकड्यांकडे निघणारीं मुलें पाहिलीं म्हणजे ती अगदींच लोपली असें म्हणवत नाहीं. या जाड टायरच्या डोंगरी सायकली घेतांना वडील मंडळींचें लक्ष रंगाकडे व गिअरच्या संख्येकडे जातें. आमच्या मतें तें चाकाच्या तुंब्याकडे, म्हणजे हबकडे, आधीं जावें. थोरल्याकडून धाकट्याकडे चालत जाणारी ही वस्तु. उतारावर मुलाचा जीव तिच्यावर असतो.

मागच्या चाकाचा विचार प्रथम करूं. स्वस्त सायकलींत फ्रीव्हील तुंब्यावर आट्यांनीं फिरवून बसविलेलें असतें. त्यामुळें साखळीकडील छर्रे आंसाच्या टोकापासून बरेच आंत राहतात, आणि आधार नसलेला तो आंस खडकावर आदळतांना वांकतो, प्रसंगीं मोडतो. फ्रीहबमध्यें आधार टोकाजवळ येतो. चार पैसे अधिक पडले तरी तोच घ्यावा.

माप मात्र चौकटीप्रमाणेंच हवें. २६, २७.५ व २९ इंच हीं बोलण्याचीं नांवें. टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास अनुक्रमें ५५९, ५८४ व ६२२ मिलिमीटर असतो, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाहीं. डिस्क ब्रेक असल्यास आरे एकमेकांस छेदून विणलेले असावेत, कारण ब्रेकचा पीळ तुंब्यांतून आऱ्यांच्या मार्गेंच रिमपर्यंत पोंचतो. भारी अंगाच्या मुलास ३२ आऱ्यांचें चाक बरें. हलक्या चाकाची हौस शर्यतवाल्यांनीं करावी.

२०१९ च्या ऑगस्टांत जुन्या सांगवींत नदीचें पाणी घरांत शिरलें होतें. अशा पाण्यांत उभी राहिलेली सायकल पुसल्यावर कोरडी दिसते. पण तुंब्यांत गाळ व वंगण एक झालेलें असतें, आणि तशीच चालविल्यास कोनाला खड्डे पडतात. ती आधीं उघडावी. पुढच्या तुंब्यांत बहुधा प्रत्येक बाजूस दहा व मागच्यांत नऊ छर्रे निघतात. ते नवेच घालावेत. वाट्या रॉकेलनें धुवून, पुसून, नवें ग्रीस भरून कोन आवळावा. क्विक रिलीजचा आंस असल्यास किंचित् खेळ ठेवावा. खटका दाबतांच तो नाहींसा होतो. बंद बेअरिंगचा तुंबा घरीं उघडण्याच्या भानगडींत पडूं नये; खरखर लागली कीं अख्खें बेअरिंग बदलून घ्यावें. धुतांना पाण्याचा जोरदार फवारा तुंब्यावर मारणें हें तर पुराला घरीं बोलावणेंच होय.

महिन्यांतून एकदां टायर धरून चाक आडवें हलवावें. खटखट लागली तर तुंबा सैल झाला आहे. मग आरे बोटानें छेडावेत. एका बाजूचे सूर सारखे यावेत. मागच्या चाकाच्या दोन बाजूंचे सूर निरनिराळे लागतात, तो दोष नव्हे. मुका लागणारा आरा सैल समजावा. घरांत कोणी तंबोरा जुळविणारें असेल, तर हें काम त्याच्याकडेच सोंपवावें.