ओठापाशी थांबलेली रेघ

सकाळी ६. बुधवार, गोदाकाठचा आठवडे बाजार. गंजक्या बिजागऱ्यांच्या ढिगात चिखलानं भरलेली गोटी सोड्याची बाटली. "शेठ, इंग्रजांच्या वेळची. पंचवटीत वाडा पाडला, त्याच्या आडातली," ढिगामागचे मामा म्हणतात. घासाघीस न करता पैसे देतो. गोटीपायी पोरांनी अशा कितीतरी बाटल्या फोडल्या. ही मामांनी जपली.

८. साधं पाणी, बांबूची काडी. गरम पाणी नाही, जुनी काच तडकते. अंगावर इंद्रधनुषी झाक दिसते. ओल्या मातीत क्षार निघून गेले की काचेचाच वरचा थर असा होतो. घासला तर काचच जाईल.

१० ते १. खिडकीजवळ बसतो. डोळ्यांआधी बोट, तेही तोंडावर. साच्याची रेघ ओठावरून आरपार गेली तर बाटली यंत्राची. ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र अमेरिकेत १९०३ च्या सुमारास आलं. इथं रेघ गळ्यातच विरते, म्हणजे ओठ कारागिरानं हातानं वळवलेला. परदेशी पुस्तकं एवढ्यावरच एकोणिसावं शतक म्हणून मोकळी होतात आणि आपले विक्रेते त्याचीच री ओढतात. मला ते मान्य नाही. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा १९१६ चा, आणि फिरोजाबादेत आजही तोंडानं फुंकून काच घडते. त्या तिकडच्या मोजपट्टीनं आपल्या बाटल्या मोजायच्या कशा?

पक्कं एवढंच, की हायरम कॉडनं ही गोटीची युक्ती १८७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये काढली; बाटली त्याआधीची नाही. पोटावर उठावाच्या अक्षरांत सोडावाल्याचं नाव असतं, ते सगळे वाचतात. काचवाल्याची खूण बहुधा बुडाशी असते. मुंबईच्या सोडावाल्याची बाटली बार्न्सलेच्या भट्टीतलीही असू शकते. या बाटलीच्या बुडाशी अक्षरं झिजली आहेत. ओरखडे मात्र आडवेतिडवे, बारीक-जाड, वर्षानुवर्षं फरशीवर सरकल्याचे. झीज खोटी असती तर पॉलिश पेपरचे ओरखडे एकाच दिशेनं गेले असते.

३. देवळाली कॅम्पातून एक आजी जुनी वस्तू दाखवायला येतात. पिशवीत निळी, सहाकोनी बाटली, अंगावर उभे कंगोरे. "सासूबाई यात एरंडेल ठेवायच्या."

"आजी, ही विषारी औषधाची बाटली. अंधारात हाताला कळावं म्हणून कंगोरे. यात खाण्यापिण्याचं काही ठेवू नका."

रेघ ओठावरून आरपार. विसाव्या शतकातली, मी सांगतो.

"म्हणजे सासूबाईंच्याच वयाची," म्हणत त्या पदरानं ती पुसून परत पिशवीत ठेवतात. विकत मागायला माझी जीभ रेटत नाही.

५. पंचवटी. पाडलेल्या वाड्याच्या आडातला गाळ अजून उपसताहेत. सकाळची बाटली कुठल्या खापरांसोबत, किती खोल होती, हे कळलं तर झिजलेल्या अक्षरांची उणीव थोडी भरून निघेल. मजुरांना विनवतो, "दादा, काच-खापर वेगळं टाका, फुटकं असलं तरी चालेल." एक जण घमेलं पुढं करतो. त्यात हिरवट गळा, आत अडकलेली गोटी, ओठ शाबूत.

बोट फिरवतो. रेघ गळ्यातच थांबलेली.