खुरटीं शिंगें व नराची पारख

मराठवाड्याच्या माळावर काळविटांचा कळप दिसला कीं आमचे मंठ्याचे विद्यार्थी विचारतात, "आखूड शिंगांचे तरुण नर मारून टाकले, तर पुढील पिढी भरदार शिंगांची निपजेल काय?" शेतकरी वळू निवडतो, तेव्हां ही शंका साहजिकच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें आपल्याकडे शिकारीस बंदी आहे. परंतु अमेरिकेंत कित्येक शिकारी हा उपाय खरोखरच करितात.

काळविटाचें शिंग जन्मभर टिकतें. चितळ व सांबर यांचें गळून पुन्हा उगवतें. मात्र कोवळ्या वयांत दिसतें तें अखेरचें शिंग नव्हे. उशिरा जन्मलेलें वा दुष्काळांत वाढलेलें पाडस प्रथम मागें राहतें व पुष्कळदां पुढें बरोबरीस येतें. (पहिल्या सहामाहीवरून मुलाचें भविष्य वर्तविणारे शिक्षक आम्हीं पाहिले आहेत!) शिवाय संततींत निम्मा वांटा मादीचा. तिला बहुधा शिंगेंच नसतात. तिची निवड कशावरून करावी? टेक्सस प्रांतांत कित्येक वर्षें असे नर निवडून मारिले, तरी रानांतील हरणांचीं शिंगें सुधारलीं नाहींत.

म्हणून आनुवंशिकता खोटी, असें मात्र नव्हे. कॅनडांतील रॅम पर्वतावर मोठ्या शिंगांचे रानमेंढे वर्षानुवर्षें टिपले गेले व कळपाचीं शिंगें लहान होत गेलीं, हें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. उत्तम नर काढून वंश बिघडविणें सोपें. तरुण नर मारून तो सुधारणें फार कठीण. आमच्या माळावरील तांबूस नर काळा होतो व त्याचीं शिंगें पीळदार होतात तीं वयानें. तोंवर त्यास गवत मिळावें व गांवच्या कुत्र्यांनीं गांठूं नये.