समुद्रात कान सोडणारे हेलिकॉप्टर

‘लढाऊ हेलिकॉप्टर’ म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कोणते चित्र उभे राहते? बहुधा ‘अपाचे’चे किंवा आपल्या ‘प्रचंड’चे. माशासारखे चिंचोळे अंग, एकामागे एक बसलेले दोन वैमानिक आणि नाकाखाली वळणारी तोफ. शत्रूच्या बंदुकांसमोरून जायचे असते, म्हणून अंग जितके अरुंद तितके बरे.

मुंबईकरांच्या ओळखीचे लढाऊ हेलिकॉप्टर मात्र अगदी निराळे आहे. नौदल दिनाच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियासमोर अनेक वर्षे होत आलेली प्रात्यक्षिके तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. त्यात करड्या रंगाचे, फुगीर पोटाचे एक हेलिकॉप्टर घरघरत येई. ते ‘सी किंग’. कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टरांचा तळ आहे. पूर्वी त्याचे नाव ‘कुंजाली’ होते, २००९ पासून ते ‘आयएनएस शिक्रा’ आहे. तिथून ही हेलिकॉप्टरे समुद्रावर झेपावत आली. त्यांचे भक्ष्य डोळ्यांना दिसत नाही, कारण ते पाण्याखाली असते. हे हेलिकॉप्टर बनवले आहे पाणबुडीच्या शिकारीसाठी.

या शिकारीची गरज का पडते, हे आपल्या नौदलाने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात पाणबुडी शोधण्यासाठी ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या दोन युद्धनौका मुंबईहून निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने खुकरीवर पाणतीर सोडला. काही मिनिटांत नौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि त्यांचे सहकारी मिळून १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. हँगोरच्या सोनारचा पल्ला खुकरीच्या सोनारपेक्षा लांब होता. शिकाऱ्याला सावजाची चाहूल लागण्याआधी सावजालाच शिकाऱ्याची लागली! पुढे कित्येक दिवस शोध चालला, पण हँगोर कराचीला निसटली. नौदलाची पहिली सी किंग हेलिकॉप्टरे त्याच वर्षी इंग्लंडहून आली होती. पण खुकरी ही लहान नौका, तिच्यावर हेलिकॉप्टर उतरण्याची सोयच नव्हती.

आता सोनारविषयी. हा सोनार म्हणजे दागिने घडवणारा नव्हे, बरे का! पण त्याचाही संबंध कानाशीच आहे. पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही आणि रडारच्या लहरी तर वरच्या वरच विरून जातात. दूरवर जातो तो ध्वनी. सोनार पाण्यात ‘टिंग’ असा आवाज सोडतो आणि पाणबुडीवर आपटून येणारा प्रतिध्वनी ऐकतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्रात सुमारे १५०० मीटर. प्रतिध्वनी चार सेकंदांनी आला तर पाणबुडी किती दूर? गणित तुम्हीच करा. जाणे आणि येणे असे दोन प्रवास आहेत, हे मात्र विसरू नका.

दिशा ओळखणे अधिक अवघड. दादरला शिवाजी पार्कच्या तरणतलावात पोहायला जात असाल तर एक प्रयोग करून पाहा. डोके पाण्याखाली घेऊन डोळे मिटा आणि मित्राला पाण्यात दोन दगड एकमेकांवर आपटायला सांगा. आवाज स्पष्ट ऐकू येईल, पण मित्र डावीकडे आहे की उजवीकडे हे सांगता येणार नाही. एरवी आवाज एका कानाला किंचित आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो. त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. पाण्यात ध्वनी चौपटीहून वेगाने धावतो, त्यामुळे तो फरक फार लहान होतो. म्हणून सोनारला दोन कान पुरत नाहीत. त्याच्या नळकांड्यावर सभोवार अनेक ‘कान’ बसवलेले असतात.

मग असा सोनार नौकेच्या तळालाच बसवला की काम झाले, नाही का? नाही. इथे आपला उबदार समुद्र आडवा येतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांबून पाणी साचल्यासारखे दिसते, ते तुम्ही पाहिले असेल. तापलेल्या हवेतून येणारा प्रकाश वाकतो, म्हणून हा भास होतो. समुद्रात ध्वनीही असाच वाकतो. उबदार पाण्यात त्याचा वेग जास्त, गार पाण्यात कमी. आणि ध्वनी नेहमी कमी वेगाच्या बाजूला झुकतो. अरबी समुद्राचे वरचे पाणी उन्हाने तापलेले असते आणि काही अंतर खाली गेले की ते झपाट्याने गार होत जाते. नौकेने सोडलेला ‘टिंग’ सरळ न जाता खाली वाकतो आणि काही अंतरानंतर खोल पाण्यात निघून जातो. त्याच्या पलीकडे, वरच्या बाजूला, जिथे तो पोचतच नाही असा पट्टा उरतो. ही ध्वनीची सावली. कडक उन्हाच्या शांत दिवशी तर सकाळी ठीक चालणारा सोनार दुपारी बहिरा झाल्यासारखा वागतो. यंत्र तेच असते, बदललेले असते ते पाणी! हुशार पाणबुडी या सावलीत दडून बसते.

सी किंगची सारी करामत इथे आहे. त्याच्या पोटात एक रीळ असते, त्यावर गुंडाळलेली लांब केबल आणि तिच्या टोकाला सोनारचे नळकांडे. विहिरीत पोहरा सोडावा तसे हे नळकांडे समुद्रात सोडायचे, तेही हव्या त्या खोलीपर्यंत: उबदार थराच्या वर, किंवा त्याला भेदून खाली. नौकेचा कान तिच्या तळाशी जखडलेला. हेलिकॉप्टरचा कान सावलीतही उतरतो.

पण पोहरा सोडणारा माणूस स्थिर उभा असतो. सी किंगला लाटांच्या वर सुमारे बारा मीटरवर, एकाच जागी, वाऱ्यात, आणि अनेकदा काळोख्या रात्री तरंगत राहायचे असते. खाली काळे पाणी, वर काळे आकाश, क्षितिज दिसत नाही. वैमानिकाने केवळ नजरेच्या भरवशावर हे करू नये म्हणून स्वयंचलित यंत्रणा असते. एक रडार पाण्यावरून आपण किती सरकतो ते मोजते, दुसरे उपकरण उंची मोजते. केबल तिरकी झाली की तेही यंत्रणेला कळते आणि हेलिकॉप्टर पुन्हा बरोबर तिच्या माथ्यावर येते.

जागच्या जागी तरंगणे हेलिकॉप्टरला सोपे जात असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात सावकाश पुढे जाण्यापेक्षा त्यालाच जास्त शक्ती लागते. साडेनऊ टनांच्या आसपासचे वजन पेलायला सी किंगला दोन इंजिने आहेत, मिळून तीन हजारांहून अधिक अश्वशक्तीची. पाच पात्यांच्या पंख्याचा व्यास जवळजवळ १९ मीटर. त्या झोताने समुद्राचे खारे तुषार वर उडतात आणि इंजिनात जातात. आतल्या पात्यांवर मीठ बसले की शक्ती घटते, म्हणून इंजिने गोड्या पाण्याने धुवावी लागतात. आणि फुगीर पोट? तो होडीचा आकार आहे. वेळ आलीच तर पाण्यावर उतरता यावे म्हणून तो दिला आहे. अर्थात इंजिने आणि पंखा वर असल्याने खवळलेल्या समुद्रात ही होडी कलंडायचीच भीती अधिक.

पाणबुडीला वरची घरघर ऐकू येत नाही का? फारशी नाही. हवेतला ध्वनी पाण्यावर तिरका पडला की बहुतेक सगळा परत फिरतो. उभ्या रेषेपासून साधारण १३ अंशांच्या आत पडला, तरच आत शिरतो. म्हणजे हेलिकॉप्टर जवळजवळ डोक्यावर येईपर्यंत पाणबुडीला त्याची खबर नसते. पहिला ‘टिंग’ ऐकला की मात्र तिला कळते आणि ती पळू लागते. पण सी किंग ताशी दोनशे किलोमीटरने उडते. केबल गुंडाळायची, पुढे उडी घ्यायची, पुन्हा कान सोडायचा. दोन हेलिकॉप्टरे असली तर एक ऐकते, तेवढ्यात दुसरे पुढे जाते. जागा नक्की झाली की छत्रीला लटकून पाणतीर खाली उतरतो आणि पाण्यात शिरल्यावर स्वतःच्या छोट्या सोनारने पाणबुडीचा माग काढतो.

एवढे मोठे हेलिकॉप्टर नौकेवर ठेवायचे कुठे? सी किंगची पाती मागे दुमडतात आणि शेपटीही घडी होते. लालबागहून फार लांब नसलेल्या माझगाव गोदीत बांधलेली ‘गोदावरी’ १९८३ मध्ये नौदलात आली, ती दोन-दोन सी किंग नेण्याची सोय घेऊनच. तिच्या आकाराच्या नौकेसाठी ही मोठीच गोष्ट होती. पुढे १९८८ पासून आलेल्या ‘४२ बी’ जातीच्या सी किंगांना ‘सी ईगल’ क्षेपणास्त्रे मिळाली आणि त्या शत्रूच्या जहाजांवरही दुरून मारा करू लागल्या.

सी किंगची जागा घेण्यासाठी भारताने अमेरिकेकडून २४ ‘एमएच-६० आर सीहॉक’ घेण्याचे ठरवले. त्यांची पहिली तुकडी, स्क्वाड्रन ३३४, ६ मार्च २०२४ रोजी कोचीला नौदलात दाखल झाली. सीहॉकची पाती चारच आहेत, अंग सडपातळ आहे आणि पोटाला होडीचा आकार नाही. केबलचे रीळ मात्र आहे.