दार्सीचा नियम: लातूरच्या पाषाणापासून रेल्वेच्या डब्यापर्यंत

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ नावाची पाण्याची आगगाडी लातुरास आली आणि पहिल्या खेपेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी उतरले, तेव्हा साऱ्या देशाच्या नजरा त्या वाघिणींवर खिळल्या होत्या. प्रस्तुत लेखकाचे चित्त मात्र, एका जुन्या नादापायी, शेकडो फूट विंधण घेऊनही ज्यात ओल लागत नव्हती अशा रुळांखालच्या काळ्या पाषाणात गुंतले होते. त्याच लातुरास, हरंगुळच्या माळावर, पुढे रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला. २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा तेथे तयार झाला, आणि वंदे भारतच्या शयनयानाचे १,९२० डबे तेथे बांधण्याचा करारही झाला. या डब्यांचे कवच पोलादी असले तरी गाडीचे निमुळते तोंड आणि आतले कितीतरी तक्ते फायबरचे असतात. पाषाणातले पाणी आणि हे फायबर यांचा अर्थाअर्थी संबंध नाही असे कोणासही वाटेल. परंतु भूजलाचा हिशेब ज्या नियमावर चालतो, त्याच नियमावर अशा वस्तू घडविण्याचे संगणकी गणितही चालते.

पार्श्वभूमीची बाब थोडक्यात उरकतो. काचेचे वा कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारी रेझिन मिळून संमिश्र पदार्थ होतो. तो हलका असतो, गंजत नाही, आणि ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या सांगाड्याच्या वजनात त्याचा वाटा सुमारे ४५ टक्के, तर बोइंग ७८७ मध्ये निम्मा आहे. तो घडविण्याच्या तऱ्हा पुष्कळ. येथे विचार एकाच तऱ्हेचा, म्हणजे साच्यात कोरडे कापड अंथरावे, वर प्लॅस्टिकची पिशवी चढवून आतली हवा पंपाने ओढावी आणि नळीवाटे रेझिन आत सोडावी, हिचा. बाकीचे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल.

आता दार्सीकडे वळू. आंरी दार्सी हा १८०३ साली जन्मलेला, फ्रान्समधील दिझों नगरीचा अभियंता. गावाला प्यायला धड पाणी नाही हे लहानपणापासून पाहिलेल्या या गृहस्थाने १८४० मध्ये सुमारे साडेबारा किलोमीटरवरील झऱ्याचे पाणी बंदिस्त पाटाने गावात आणले, आणि पुढे पाणी गाळण्यासाठी वाळू किती लागेल याचा शोध घेताना वाळूने भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून मोजमापे केली. सार्वजनिक कारंज्यांविषयीच्या त्याच्या १८५६ सालच्या भल्याथोरल्या ग्रंथात हा नियम परिशिष्टात, जणू जाता जाता, नोंदलेला आहे: प्रवाहाचा वेग दाबातील फरकाच्या सम प्रमाणात आणि वाटेच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि मधला गुणक त्या वाळूचा स्वभाव सांगतो. वाळूच्या जागी काचेचे कापड आणि पाण्याच्या जागी त्याहून दोनतीनशे पट दाट रेझिन घातली की आपला कारखाना सुरू झाला.

या नियमातून निघणारा एक निष्कर्ष मला फार देखणा वाटतो. भिजलेले कापड जसजसे लांबते तसतसा मागून येणाऱ्या रेझिनला अडथळा वाढतो, म्हणून अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. पहिला मीटर पाव तासात भिजला, तर दोन मीटर भिजण्यास तास हवा. दाब वाढवावा म्हटले तर पिशवीवर वातावरणाचा दाब एकपटच, त्यापलीकडे निर्वात पंपाची मजल नाही. शिवाय बळकटीच्या लोभाने तंतूंचे प्रमाण पन्नास टक्क्यांवरून साठांवर नेले, तर रेझिनला वाट देण्याची कापडाची क्षमता गणिताने जवळजवळ एकतृतीयांशावर येते. एवढ्या अडचणीत रेझिन कोठून सोडावी आणि हवा कोठून काढावी, ही मसलत संगणकाकडे सोपवावी लागते. तो वस्तूची आकृती हजारो लहान तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यातला दाब काढतो आणि रेझिनची सरहद्द क्षणाक्षणाने पुढे सरकवतो. मुंबईच्या आयआयटीत शिकून अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झालेले सुरेश अडवाणी यांच्या गटाने घडविलेली ‘लिम्स’ ही प्रणाली याच कामाची. घट्ट झालेली रेझिन पुन्हा वितळत नाही, बिघडलेला नग थेट उकिरड्यावर जातो. म्हणून चाचणी साच्यात करण्यापेक्षा पडद्यावर करणे स्वस्त.

मराठवाड्यातल्याच एका औद्योगिक वसाहतीत, ऐन मे महिन्यात, असे एक ओतकाम पाहण्याचा योग आला होता. पांढरेशुभ्र कापड रेझिन शिरेल तसे पारदर्शक होत जाते, ते दृश्य तासन्‌तास पाहावे असे असते. अर्धे काम झाले आणि कापडाची कड व साच्याची भिंत यांमधल्या नखाएवढ्या फटीतून रेझिन सुसाट निघाली, वळसा घेऊन हवेच्या तोंडाशी पोचली, आणि मध्ये तळहाताएवढा पांढरा डाग तसाच राहिला. “कडंकडंनं पळालं बगा, साहेब,” मिस्त्री म्हणाले, “आता मधलं कोरडंच ऱ्हातंय.” पडद्यावरचे गणित मांडताना ती फट धरलेलीच नव्हती. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा: उष्णतेने रेझिन पातळ होऊन पळते खरी, पण तापमान दहा अंशांनी वाढले की घट्ट होण्याची मुदत ढोबळ मानाने निम्मी होते, म्हणजे डिसेंबरात जमलेला बेत बेचाळीस अंशांत जमेलच असे नाही, आणि दोन्ही ऋतूंचे गणित निराळे मांडावे लागते.

ती फट पाहताना मला लातूरचा पाषाण आठवला नसता तरच नवल. अखंड बेसाल्ट जवळजवळ पाणी सोडत नाही. पाणी खेळते ते त्याच्या भेगांतून, सांध्यांतून आणि झिजलेल्या थरांतून. म्हणूनच एका शेतात विंधण विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडे धूळ उडते. दार्सीची वाळू एकजिनसी होती. आपला मुलूख तसा नाही, आणि साच्यातले कापडही तसे नाही. सरासरीवर विसंबणारा भूजलतज्ज्ञ आणि फट विसरणारा संगणकवाला हे दोघेही एकाच जागी फसतात.

यावर इलाज मोजमापाचा, आणि येथे नांदेडचा हक्क पोचतो असे माझे स्पष्ट मत आहे. विष्णुपुरीस १९८१ साली स्थापन झालेल्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि उस्मानशाही गिरणीच्या या गावाला ताणा-बाणा शिकवावा लागत नाही. रेझिनची वाट विणीवर ठरते: ताण्याच्या दिशेने ती एका वेगाने जाते, बाण्याच्या दिशेने दुसऱ्या, आणि गाडीच्या तोंडासारख्या गोलाव्यावर कापड बसविले की धाग्यांमधला काटकोन तिरका होऊन दोन्ही वेग बदलतात. हा गुणक मोजण्यास जाड काचेचा तक्ता, निर्वात पंप, मोजपट्टी आणि घड्याळ एवढा सरंजाम पुरतो. तरीही पुष्कळ मंडळी विक्रेत्याच्या पत्रकातला आकडा उचलतात आणि पडद्यावरच्या रंगीत चित्राकडे बघून समाधान मानतात, याचा मला मनस्वी राग येतो.

रेझिन पोचल्यानंतरचा तपशील घाईने सांगतो, कारण त्यात माझे मन कमी रमते. घट्ट होताना रेझिन स्वतः उष्णता सोडते; जाड भागात ती कोंडून आतला गाभा करपू शकतो, म्हणून तापमानाचेही गणित आधी करतात. शिवाय रेझिन आकसते, तंतू मात्र आपल्या दिशेने आकसू देत नाहीत, आणि साच्यातून काढलेल्या तक्त्याचा काटकोन एकदोन अंशांनी मिटतो. संगणक हे आधी सांगू शकला, तर साचा कापणारा कारागीर कोपरा नव्वद अंशांचा न ठेवता मुद्दाम एक्याण्णवाचा वा साडेएक्याण्णवाचा कापतो, आणि तक्ता डब्यात नेमका काटकोनात बसतो.