कॉमर्सच्या वर्गातलं गणित

ऐंशीच्या दशकात बीकॉमच्या पहिल्या वर्षाला मॅथ्स-स्टॅट्सचा तास म्हणजे आधी पट्टीने रकाने आखणं. एक्स, वाय, दोघांचे वर्ग, दोघांचा गुणाकार आणि खाली बेरजा. एका सहसंबंध गुणकाला सहज अर्धा तास जायचा. उत्तर 1.3 आलं की पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात. कार्ल पिअर्सनचा हा गुणक उणे 1 ते 1 च्या बाहेर जात नाही, हे मुलांना सिद्धतेआधी खोडरबरातून कळायचं. चक्रवाढ व्याजाला लॉग टेबल होतं आणि मोठ्या आकड्यांना गृहीतमध्याची युक्ती.

सर्वांत रटाळ वाटायचा तो निर्देशांकांचा धडा. लास्पेअरचं सूत्र 1871 चं, पाशेचं 1874 चं. मुलं पाठ करून मोकळी व्हायची. पण 1986 मध्ये सेन्सेक्स आला. पायाभूत वर्ष 1978-79, पाया 100. मार्च 1992 मध्ये त्याने चार हजारांचा टप्पा ओलांडला, पुढच्याच महिन्यात रोखे घोटाळा उघडकीला आला आणि बाजार घसरत गेला. त्या काळात वर्गात खरे प्रश्न आले. पायाभूत वर्ष कोणी ठरवलं? सगळ्या कंपन्यांना सारखंच वजन का नाही? त्या धड्याला इतकं चांगलं वर्ष पुन्हा क्वचितच मिळालं असेल.

पुढे कॅल्क्युलेटर आले, मग एक्सेल. रकाने गेले याचं मला दुःख नाही. दुःख याचं, की वाचलेला अर्धा तास आलेल्या उत्तराचा अर्थ लावण्याकडे फारसा वळला नाही.

कर्जाचंच घ्या. एक लाख रुपये, मुदत एक वर्ष, दर 12 टक्के. ‘फ्लॅट’ दराने महिन्याचा हप्ता 9,333 रुपये, घटत्या शिलकीवर 8,885. व्याज पहिल्यात 12,000, दुसऱ्यात जेमतेम 6,619. म्हणजे फ्लॅट 12 टक्क्यांचा घटत्या शिलकीवरचा दर 21 टक्क्यांच्याही वर जातो. हप्ता काढायला मुलांना येतो. दोन हप्ते शेजारी मांडून बघायला मात्र त्यांना क्वचितच सांगितलं जातं. ही तुलना पहिल्या सत्रातच व्हायला हवी. कित्येक मुलं आयुष्यातलं पहिलं कर्ज, मोबाइलचं किंवा दुचाकीचं, याच वयात काढतात.